वेकोला कोण चाललंय?

बुधवार, ३० नोव्हेंबर २०१६. रात्रीचे साडेअकरा.

मी "गद्दार" म्हणालो तेव्हा ही कणीक मळत होती. मोबाइलवरची बातमी मीच मोठ्यानं वाचून दाखवत होतो. डाइक्स, म्हणजे आमच्या बर्कलीच्या कॅल विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा कोच, म्हणे टेक्सासमधल्या वेकोच्या बेलर विद्यापीठाच्या लोकांना भेटून आला. वेकोची जागा रिकामी आहे, माणूस मूळचा टेक्सासचा, म्हणजे जमलंच म्हणायचं. याच वर्षी करार २०१९ पर्यंत वाढवून घेतला आणि आता हे. मग तो शब्द गेला तोंडातून. हिनं मान वर केली नाही. परातीत पाण्याचा हबका मारला आणि म्हणाली, "शुक्रवारचा निळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. कपाटाच्या दाराला अडकवलाय बघ."

बास. पुढं एक अक्षर नाही. पोळ्या झाल्या, जेवणं झाली, पोराचा गृहपाठ झाला, भांडी मी घासली. नेहमीच घासतो, आज जरा जास्त घासली. बारा वर्षांच्या संसारानंतरही मला सांगता येत नाही की तो टोमणा होता की खरोखर शर्टाचा निरोप. विचारायचीही सोय नाही. विचारलं की टोमणा ठरतो.

शुक्रवारच्या मुलाखतीचं हिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. पोराला नाही, कंपनीत तर नाहीच नाही, आप्पांना नाही. आणि जागा कुठली, तर डॅलसची. वेकोपासून गाडीनं दीड तास. हे मी आज संध्याकाळी नकाशावर बघितलं. आधी का बघितलं नाही कुणास ठाऊक.

शनिवारी टेकडीवर होतो आम्ही. यूसीएलएचा सामना, वर्षातला शेवटचा. पोराला मी मागच्या वर्षीपासून सांगतोय की पुढच्या हंगामाला तिकिटं काढू, आत बसू. पण खरं सांगायचं तर मला टाइटवॉड हिलच आवडते. शुद्ध मराठीत चिक्कू टेकडी. स्टेडियम १९२३ चं, आणि वरून फुकट बघणारे जवळपास तेवढेच जुने. उतारावर टाच रोवून बसायचं, धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी उघडायची. खाली निळ्या-पिवळ्या कपड्यांतली पोरं मुंग्यांएवढी, आणि त्यांच्या पलीकडं थेट खाडी. कॅलनं गुण केले की डोक्यापाशीच तोफ उडते. पोरगा आता तरबेज झालाय, चेंडू रेषेजवळ पोचला की आधीच कानांवर हात. बाजूच्या म्हाताऱ्यानं त्याला ती १९९१ ची गोष्ट परत सांगितली, पॅसिफिक विद्यापीठाविरुद्ध बारा टचडाउन झाले आणि तोफेचा बारच संपला, ती. दर वेळी सांगतो. पोरगा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकतो, हा गुण आईचा.

३६–१० जिंकलो. वर्ष तसं वाईटच गेलं, पाच जिंकले, सात हरले. स्टॅनफर्डकडून सलग सातव्यांदा मार खाल्ला. बचाव असा की दर सामन्याला चाळीसच्या वर गुण समोरच्याला वाटून टाकायचा, दसऱ्याचं सोनं वाटावं तसा. पण टेक्सासला ५०–४३ हरवलं, ओरेगनला ५२–४९, तेही दोन जादा डाव खेळून. अंधारात टेकडी उतरताना पोरगा म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी आपण चांगले असू." मी म्हटलं, "असणारच." माझ्या खिशात तेव्हा शुक्रवारची वेळ पक्की झाल्याचा निरोप पडून होता. दुपारीच आला होता.

आता "गद्दार" कशासाठी, ते जरा बघू.

डाइक्स आला तेव्हा, २०१३ ला, आम्ही बारापैकी अकरा हरलो. अकरा. आधीचा कोच टेडफर्ड, त्याच्या शेवटच्या दिवसांत पोरं खेळायची पण पदवी घ्यायची नाहीत, घेणारे ४४ टक्के, म्हणजे सगळ्या कॉन्फरन्समध्ये, आमच्या गटातल्या विद्यापीठांत, खालून पहिले. ते त्यानं सुधारलं, हे त्याचे वैरीही मान्य करतील. मग ५–७, मग गॉफ नावाच्या हुकमी खेळाडूच्या जिवावर ८–५, आणि आता गॉफ नाही तर परत ५–७. चार वर्षांत १९ विजय, ३० पराभव. असा माणूस दुसरीकडं चालला तर खरं म्हणजे आपण जिलेबी वाटायला हवी. तर ते नाही. मला राग हरण्याचा नाही. राग याचा की शनिवारी तो खाली मैदानात उभा होता, आम्ही वर ओरडत होतो, आणि तेव्हाच कदाचित त्याच्या मनात वेकोचं चाललं असेल. खेळणाऱ्या पोरांना "पुढच्या वर्षी" म्हणायचं आणि खिशात…

हां. तेच.

पैशाचंही आहे म्हणा. स्टेडियम बरोबर हेवर्ड फॉल्टवर, म्हणजे जमिनीतल्या भूकंपाच्या भेगेवर, बसलंय, जमीन दर वर्षी मिलिमीटर-मिलिमीटरनं सरकते, भिंतींना तडे. म्हणून ३२ कोटी १० लाख डॉलर घालून २०१२ ला नवं केलं. फॉल्टवरचे दोन भाग वेगळे सुटे ठेवलेत, भूकंपात आपापले हलतील म्हणून. सगळं मिळून कर्ज ४४ कोटींच्या घरात, आणि ते फिटणार कधी, तर २११३ ला. माझ्या नातवाचाही नातू बघेल कदाचित. योजना अशी होती की खुर्च्या चाळीस-पन्नास वर्षांसाठी विकायच्या, ४० हजारांपासून सव्वादोन लाख डॉलरपर्यंत. लोकांनी घेतल्या नाहीत तेवढ्या. का घेतील? वर टेकडी आहे. (यात माझाही वाटा आहे, कबूल.) विद्यापीठाची स्वतःची तूट १५ कोटींची, ५०० माणसं कमी करायची ठरलंय. चॅन्सेलर डर्क्स, ज्यानं आयुष्यभर आपल्याकडच्या जातींचा अभ्यास केला, त्यानं ऑगस्टमध्येच निघतो म्हणून सांगितलं. त्याला कुणी गद्दार म्हटल्याचं ऐकलं नाही. त्याच्या डोक्यावर तोफ नाही ना उडत.

आणि बेलरमध्ये खेळाडूंवरचे लैंगिक अत्याचाराचे आरोप दाबल्याचं या मे महिन्यात बाहेर आलं, त्यानंतर तिथं जाववतं कसं, हा वेगळाच प्रश्न. तो मी कुणाला विचारायचा हेही कळत नाही.

एका घरातली तूट दुसऱ्या घरात आली की तिला काय म्हणायचं? आमच्या कंपनीत आधी शुक्रवारचं जेवण बंद झालं. मग कुंड्यांना पाणी घालणारा माणूस. कुंड्या राहिल्या, वाळल्या, मग त्याही गेल्या. मग माणसं. इथलं दोन खोल्यांचं भाडं बघता डॅलसला त्याच पैशात अंगणासकट घर येतं, हे मी हिला आकडे मांडून दाखवलंय. ग्रीन कार्डाची रांग आहेच, निवडणुकीचं तर बोलायलाच नको. माझी कारणं सगळी सरळ आहेत. कागदावर लिहून काढली तर एकही खोटं निघणार नाही. त्याचीही असतील.

कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतला, आपल्याकडच्या फुटबॉलचा, तो सेंटर फॉरवर्ड आठवला. नाव लिहीत नाही, मुलं मोठी झालीत त्याची. शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू व्हायच्या आधी केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, नोंदणी असायची, आणि महिनाभर गावभर एकच विषय, कोण कुठल्या तालमीच्या संघातून फुटला. आमचा हुकमी माणूस पलीकडच्या पेठेत गेला. उद्यमनगरातला त्याच्या वडिलांचा कारखाना त्याच वर्षी बंद पडला होता, हे आम्हा पोरांनाही माहीत होतं. माहीत असून काय. तो सकाळी चहाच्या गाड्यावर आला तेव्हा मी बाकड्यावर पाय पसरले, त्याला जागा नको म्हणून. मी, तेरा वर्षांचा. आदल्या वर्षी याच माणसाला खांद्यावर घेतलेल्यांच्या मागून अनवाणी धावलो होतो, चप्पल तुटली म्हणून घरी मार खाल्ला होता. त्यानं उभ्यानं चहा घेतला. कप ठेवताना म्हणाला, "काय रे, अभ्यास बरा चाललाय न्हवं?" मी उत्तर दिलं नाही. पंचवीस वर्षं झाली, अजून दिलेलं नाही.

मग मी निघालो तेव्हा? २००४ मध्ये. पेठेत बातमी अशी होती की मी दुबईला चाललोय. कुणाला राग आला नाही. कुणी पाय पसरले नाहीत. उलट शेजारच्या काकूंनी सेंटची बाटली आण म्हणून सांगितलं. रागावण्याइतका मी कुणाचा नव्हतोच बहुधा. आता इथून उठलो तर तेही तसंच. डाइक्स जाणार की राहणार यावर आज गाडीत रेडिओवाले जाताना बोलत होते आणि येतानाही बोलत होते. एका माणसाच्या नोकरीवर. माझ्या जाण्याची अफवासुद्धा उठणार नाही. शेवटच्या दिवशी कॉस्टकोचा केक येईल, त्यावर नावाचं स्पेलिंग चुकलेलं असेल, ओळखपत्र परत द्यायचं आणि पार्किंगमध्ये यायचं. "राहा की" म्हणणारा एक माणूस नाही. कधीच कुठं नव्हता. एका कोचची सगळ्या गावाला काळजी, आणि आपण…

हे लिहिल्यावर मीच वाचलं आणि हसू आलं. अडतीस वर्षांचा बाप्या, दोन्ही हातांनी भांडी घासून आलेला, आणि हेवा कुणाचा, तर १९–३० वाल्या कोचचा.

दहाला आप्पांना फोन लावला. तिकडं गुरुवारचे साडेअकरा, एक तारीख, आणि आप्पा बँकेच्या रांगेत. पेन्शन जमा झालीय, पण हातात किती देतात ते खिडकीपाशी गेल्यावर कळणार. आई कालच म्हणाली होती, डब्यातल्या जुन्या नोटा सगळ्या भरून झाल्या, पाचशेची एक पुस्तकात सापडली ती तशीच ठेवलीय, आठवण म्हणून. आप्पांनी रांगेतून आपणहून विषय काढला.

"तुमचा त्यो कोच ऱ्हायला का गेला?"

"अजून अफवाच आहे, आप्पा."

"कुठं म्हणं?"

"टेक्सास. गाव तिकडंच त्याचं. वडील तिकडंच असतात, तेही कोच होते मोठे, नव्व्याण्णवपर्यंत."

"कितीचं हायत?"

"अठ्ठ्याहत्तर."

आप्पा दोन वर्षांनी मोठे आहेत. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. पाठीमागं कुणीतरी कुणाला तरी आधी नंबर कुणाचा होता ते सांगत होतं.

"मग जाऊ दे की," आप्पा म्हणाले. आणि लगेच, "थांब, रांग सरकली."

फोन बंद करायचा राहिला त्यांचा. खिशात टाकला असणार. मी कानाला लावून बसलो. सदऱ्याच्या कापडाची खसखस, चपला, एक बाई म्हणत होती दोन हजाराची नोट घेऊन मी भाजीवाल्याला काय डोंबल देऊ, सुट्टं कोण देणार. कुणीतरी "काका, पुढं सरका" म्हटलं. आप्पा म्हणाले, "सरकतोय की, वय बघा जरा." चारेक मिनिटं ऐकत होतो. मग आपोआप तुटला.

डॅलसहून कोल्हापूर जवळ पडत नाही. उलट लांबच. विमान बदलायला लागतं ते लागतंच. हे मी त्यांना कसं सांगणार होतो, "जाऊ दे की" म्हणतील का मलाही, ते विचारायचं धैर्य झालं नाही. शुक्रवार होऊ दे आधी. कदाचित घेणारही नाहीत. मग कुणाला काही सांगायलाच नको, पुढच्या वर्षीची तिकिटं काढू, आत बसू.

पोराला मात्र सांगायला हवं. डाइक्सचं म्हणतोय मी. सकाळी शाळेत कुणीतरी सांगेलच. टोपी घालूनच झोपलाय, काढायला गेलो तर झोपेत हात मारला.

निळा शर्ट आत्ता घालून बघितला. गळ्याचं बटण लागत नाही. व्हिडिओवरच आहे मुलाखत, उघडं ठेवलं तरी चालेल. परत हँगरला लावताना दार करकरलं. ही जागी झाली, की जागीच होती.

"काय ठरलं त्याचं?" म्हणाली.

"अजून काही नाही," म्हटलं.