बी-१२ कमी निघाल्यावर: माझा अनुभव

तपासणीसाठी रक्त देण्याआधी बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नका. एकदा इंजेक्शन झालं की रिपोर्टमधला आकडा चढतो आणि मुळात कमतरता किती होती ते कळेनासं होतं. पायांना मुंग्या येत असूनही मी आधी रक्त दिलं. आकडा आला १४८ पिकोग्रॅम (दर मिलिलिटर रक्तात). बहुतेक लॅब २००च्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३०० असेल तर होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) तपासून खात्री करतात.

सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) मात्र नॉर्मल होता, कारण माझं लोहही कमी होतं. बी-१२ कमी पडलं की लाल पेशी मोठ्या होतात, लोह कमी पडलं की लहान. दोन्ही एकदम असलं की सरासरी मधोमध येते. म्हणून सीबीसी बरी दिसली तरी मुंग्यांकडे दुर्लक्ष नको. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेणं तर धोक्याचंच: रक्त सुधारतं, नसांची हानी आतून चालूच राहते.

नसांची लक्षणं होती म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनंच दिली, १००० मायक्रोग्रॅमची, आधी दिवसाआड, मग आठवड्याला एक. पुढे गोळी. रोजची गरज जेमतेम २.२ मायक्रोग्रॅम, मग गोळी १५००ची कशाला? जठरात तयार होणाऱ्या इंट्रिन्सिक फॅक्टर या प्रथिनाच्या मदतीने एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषले जातात. त्यापलीकडचं साधारण एक टक्का झिरपतं. दुकानात स्ट्रिप नीट वाचा. ‘नसांची गोळी’ म्हणून मिळते तिच्यात पुष्कळदा प्रिगॅबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषधही असतं, त्याने गुंगी येते. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर नुसतं मिथाइलकोबालामिन (बी-१२चंच एक रूप) मागा.

थकवा आधी गेला. मुंग्या जायला कित्येक महिने लागले. नसा सावकाशच भरून येतात, तेवढ्यात औषध सोडू नये.

आम्ही शाकाहारी. अर्ध्या लिटर दुधातून साधारण दोन मायक्रोग्रॅम मिळतात, तेही रोज प्यायलं तर. इडलीचं आंबवलेलं पीठ किंवा स्पिरुलिना यांवर विसंबू नका. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी शरीराला न वापरता येणारं रूप. ‘+एफ’ (पोषक घटक वरून घातल्याचं) चिन्हाच्या कणकेत आणि तांदळात लोह, फॉलिक अ‍ॅसिडसोबत बी-१२ घातलेलं असतं, पण त्याच चिन्हाच्या दुधात आणि तेलात घालतात ती जीवनसत्त्वं अ आणि ड. घरात कुणी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा पॅन्टोप्राझोल (अ‍ॅसिडिटीची गोळी) घेत असेल, तर त्यांचंही बी-१२ तपासून घ्या.