येवल्याच्या पैठणीचा केशरी

येवल्याच्या एका पैठणीवाल्या काकांनी नाशिकला मेन रोडजवळ दुकान घेतलं आणि बोर्डाचं काम सातपूरच्या आमच्या छपाई युनिटला दिलं. दहा बाय चार फूट, त्यावर केशरी पैठणी, पोपटी काठ. पहिला प्रिंट बघून काका म्हणाले, "ताई, हा केशरी नव्हे, विटकरी आलाय." खरंच होतं. मोबाईलवर पेटलेला रंग व्हिनाइलवर, म्हणजे बोर्डाच्या प्लास्टिक शीटवर, विझला होता.

केशरी मुळातच अवघड. स्क्रीन स्वतः उजेड फेकते. शाई अंगावर पडलेल्या उजेडातला काही भाग खाते आणि उरलेला परत देते. व्हिनाइलवर छापणारं आमचं इको-सॉल्व्हंट मशीन चार शाईंचं: सायन (निळसर), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी. नारिंगी शाईची जादा टाकी असलेली मशिनं मिळतात, पण एका बोर्डासाठी कोण घेतं? या चारांतूनच काय निघतं ते बघायचं ठरवलं.

फाइल उघडली तर केशरीत 14 टक्के सायन आणि वर थोडा काळा. सायन लाल उजेड खाते, आणि केशरीचा सगळा जीव लालातच. एवढ्याशा सायननेही तो मळतो. ती आली कुठून? फोटो आमच्याकडे येण्याआधीच ऑफसेटच्या, म्हणजे कागदावरच्या छपाईच्या, सीएमवायके प्रोफाइलमध्ये (चार शाईंच्या हिशोबात) बदललेला होता. चकचकीत व्हिनाइलवर आमची शाई ऑफसेटपेक्षा जास्त तेज देते, पण ते तेज फाइलमध्येच कापलं गेलेलं. कापलेला रंग नंतर कितीही ओढा, परत येत नाही. 'सीएमवायके करून पाठवा' असं मीच वर्षानुवर्षं ग्राहकांना सांगत आले होते. आता मूळ आरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या उजेडाच्या हिशोबातली, फाइलच मागते.

मूळ फोटो आला, तोही दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली काढलेला. मग काकांकडून पैठणीच आणली. सावलीत, शेजारी ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड) ठेवून अॅडोबी आरजीबीत, म्हणजे आरजीबीच्या जास्त रंग मावणाऱ्या प्रकारात, नवा फोटो काढला आणि शाईत रूपांतर करायचं काम रिपवर, मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सोडलं.

तरी पुरेसं नव्हतं, कारण रिपमधली प्रोफाइल दुसऱ्याच व्हिनाइलची होती. ओळखीच्यांकडून दोन दिवस रंग मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर आणला आणि आमच्या रोलची प्रोफाइल बनवली. शाई वाढवली की रंग उजळतो असं वाटतं, पण एका मर्यादेपुढे शाई साचते, रंग नुसता जड होतो. ती मर्यादा मोजूनच कळते. छपाईच्या डोक्याचे चार पासऐवजी (फेऱ्यांऐवजी) आठ पास केले, फराटेही गेले.

बोर्डाच्या केशरी पट्ट्यासाठी वेगळा चार्ट छापला: पिवळी 100 टक्के, मॅजेंटा 40 पासून 75 पर्यंत पाच-पाचने, सायन आणि काळी शून्य. तुकडे पैठणीवर ठेवून दुपारी दारातल्या उजेडात बघितले. ट्यूबलाइटखाली निवडलेला रंग रस्त्यावर वेगळा दिसतो. काकांनी बोट ठेवलं ते 55 वर. 65 पासून पुढे तांबडेपणा यायला लागत होता.

त्यांना मॅट लॅमिनेशन हवं होतं, बोर्ड चमकू नये म्हणून. एकाच प्रिंटवर अर्धं मॅट, अर्धं ग्लॉस लावून दाखवलं. मॅटवर उजेड विखुरतो, रंगावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते. त्यांनी लगेच ग्लॉस घ्यायला सांगितलं.

सगळ्यात मोठा फरक मात्र शाईने पडला नाही. बोर्डाची पांढरी पार्श्वभूमी काढून मी वांगी रंग घेतला, पैठणीतलाच. तोच 55 वाला केशरी त्या गडद जांभळ्याशेजारी इतका उजळला की हेल्परने विचारलं, "शाई बदलली का?"

जरीचं आणि धूपछांवचं मी काकांना आधीच सांगितलं होतं. ताणा-बाणा वेगवेगळ्या रंगांचा म्हणून मान वळवली की रंग बदलतो, ते सपाट व्हिनाइलवर येणार नाही. जरी मोहरीच्या रंगाचीच दिसेल. पोपटी काठ थोडा निळसर आला, तोही त्यांनी पैठणीशेजारी धरून बघितला आणि चालेल म्हणाले.

बोर्ड पश्चिमेकडे तोंड करून आहे, दुपारनंतरचं सगळं ऊन त्यावर. त्याच रोलचा एक तुकडा आकडे आणि तारीख लिहून अंधाऱ्या कपाटात ठेवलाय. दिवाळीआधी तो घेऊन जाणार आणि बोर्डाशेजारी धरून बघणार.