रामबागेतली जावा

इंदूरच्या रामबागेतल्या, माझ्या गॅरेजच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन. "पुण्याहून पुतण्या आलाय, जुनी जावा मोटारसायकल चालू करायची म्हणतो. किक खालीच जात नाहीये, आता उभं राहून लाथ घालणार आहे."

म्हटलं, "काका, त्याला चहा द्या आणि गाडीपासून लांब बसवा. मी येतो."

गाडी म्हैसूरच्या कारखान्यातली, अडीचशे सीसी, १९७३ साली येझदी हे नाव आलं त्याच्या आधीची. काकांनी मारुती घेतली तेव्हापासून जिन्याखाली उभी. प्लग काढून टॉर्च मारला. पिस्टन मधेच अडकलेला, बोरवर म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर लालसर गंज. एक्झॉस्टचं पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर जायचं भोक, उघडं राहिलं की पावसाळ्याची ओल सायलेन्सरमधून सरळ आत शिरते. अशा इंजिनाला लाथ घातली तर पिस्टनवरच्या रिंगचं टोक पोर्टमध्ये अडकून मोडतं, नाहीतर किकच्या गिअरचे दात जातात. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून प्लगच्या भोकातून ओतलं आणि कुणी हात लावायचा नाही असं बजावून आलो.

पुढच्या खेपेला टॉप गिअर टाकून मागचं चाक जरा पुढे, जरा मागे असं हलवत राहिलो. बराच वेळ काहीच नाही. मग कर्र झालं आणि पिस्टन सुटला. पुतण्याने टाळ्या वाजवल्या. मला मात्र क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या खालच्या शाफ्टची काळजी होती, पण तिथे जुनं तेल साचलेलं असल्याने बेअरिंग बचावले होते. अशा टू-स्ट्रोक इंजिनाचा हा एक फायदा: पेट्रोल उडून जातं, त्यात मिसळलेलं तेल मागे राहतं.

बाकीचं नेहमीचंच. टाकीत गंज, कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटच्या वाटीत पिवळट चिकटा. जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, इतका बुजला होता की वायरमधली तांब्याची एकच तार काढून त्यात घालावी लागली. प्लगची ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर पांढरी बुरशी होती, पॉलिश पेपरने घासून गॅप ०.४ मिलीमीटर केला. सहा व्होल्टची बॅटरी नवी. लिटरला ४० मिली तेल मिसळून ताजं पेट्रोल भरलं. काकांना तेव्हाच सांगून ठेवलं, हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, टाकीत महिनोन्‌महिने तसंच ठेवू नका.

जावाची किक म्हणजे गिअरचीच दांडी, आत दाबून वर फिरवायची. दोन-चार वेळा नुसता फस्स आवाज, आणि मग एकदम पकडली. दोन्ही सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला आणि समोरच्या घरातल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. "भिया, आग लागली काय?" माझा पोऱ्या ओरडला. धूर होणारच होता, आत ओतलेलं सगळं जळायला नको का!

पण आवाज वेगळंच सांगत होता. एक्सलेटर पूर्ण बंद, तरी रेस आपोआप चढत चाललेली. काका खूश, पुतण्या व्हिडिओ काढतोय. मी किल्ली बंद केली.

"अहो, चालली होती ना? राजवाड्यापर्यंत एक चक्कर मारून येतो."

"राजवाड्यापर्यंत जाल. परत टेम्पोत याल."

उजवीकडचं कव्हर काढलं, डायनामो उतरवला. त्याच्या मागचं क्रँकचं ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवतीचं रबरी कडं, नखाने दाबून पाहिलं तर प्लॅस्टिकसारखं टणक, कडा शाफ्टपासून सुटलेली. तिथून इंजिन बाहेरची हवा ओढत होतं. या गाडीत पिस्टनला तेल मिळतं ते पेट्रोलबरोबरच. फुकटची हवा घुसली की हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, रेस वाढते, तेल कमी पडतं आणि गाडी तापून पिस्टन पुन्हा जाम होतो, तोही या वेळी डिझेलने न सुटण्यासारखा. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय जोरात चाललीय!

पोऱ्याला नमुन्याचं सील देऊन सियागंजला पिटाळलं. संध्याकाळपर्यंत नवं सील बसलं, आणि या खेपेला एक्सलेटर सोडला की रेस खाली येऊन ठाण-ठाण-ठाण असा ठेका धरायला लागली. धूरही विरळ झाला.

पहिली चक्कर कोण मारणार यावर पुतण्याने तोंड उघडायच्या आत काका बसले होते. गल्लीच्या टोकाला त्यांनी क्लचला हातही न लावता गिअर बदलला. "काका, क्लच! क्लच दाबा!" पुतण्या मागे पळत सुटला.

"जावा आहे रे ती, दांडीबरोबर क्लच आपोआप सुटतो!" मी ओरडलो. पण तो कसला ऐकतोय.