सव्वीस जानेवारीची पूजा

गणपतीत लालबाग-परळकडे अख्खी मुंबई लोटते, त्यामुळे त्यावर लिहिणारेही पुष्कळ. आमच्या चाळीचा घरचा सण मात्र २६ जानेवारीची सत्यनारायणाची पूजा. गिरणगावात, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागात, त्या दिवशी चाळी-चाळींतून पूजा असायच्या. प्रजासत्ताक दिनाचा आणि सत्यनारायणाचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं होतं: गिरणीला सुट्टी. सकाळी झेंडावंदन, मग पूजा, दुपारी बायकांचं हळदीकुंकू, संध्याकाळी पोरांचे कार्यक्रम नि बक्षिसं, आणि रात्री चौकात पांढरा पडदा बांधून सिनेमा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसायची. उशिरा आलेल्यांना मागची बाजू. तिथून हिरो डावरा दिसायचा, पण मारामारी तेवढीच रंगायची.

चाळ सातरस्ता आणि चिंचपोकळीच्या मधली. एका अंगाला आर्थर रोडचा तुरुंग, दुसरीकडे चालत गेलं तर अरुण गवळीच्या टोळीची दगडी चाळ. कॉलेजात पत्ता सांगितला की समोरची मुलगी जरा सावरून बसायची आणि मग हळूच विचारायची, ‘‘तू बघितलंयस का गं कुणाला?’’ बघितलं होतं म्हणजे काय, त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी मला नाचाच्या वेळी घुंगरू बांधून दिले होते.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आठ दिवसांनी पूजा आली. त्या वर्षी वर्गणी हात सैल सोडून निघाली होती. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत म्हणजे पगार वाढवून देणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. ‘‘शिमग्याला गावी जाऊन येऊ, तोवर मिटतंय,’’ असं बाबा आणि गिरणीत त्यांच्या खात्यातली माणसं प्रसाद खाता खाता बोलत होती. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. शिमगा गेला, गणपती गेले, पुढची पूजा आली. संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी कधी जाहीर केलंच नाही. त्या दुसऱ्या पूजेला शिऱ्यात तुपाऐवजी डालडा होता आणि केळी मोजून घातली होती. निम्म्या खोल्यांना कुलपं; कोकणातली माणसं कोकणात, घाटावरची घाटावर. पण वर्गणीच्या वहीत त्यांचीही नावं तशीच लिहिलेली, पुढे रिकामी रेघ.

तोवर पोरगा दहावीला आपटला तरी बापाला फारशी चिंता नसायची. खात्यात शब्द टाकायचा, पोरगा बदली कामगार म्हणून गिरणीत लागायचा. ती वाट बंद झाली. मग पोरं नाक्यावर. आधी मटक्याच्या नाहीतर दारूच्या धंद्यावर राखण, मग हप्ता आणायला जाणं, मग कुणाच्या तरी शर्टाखाली चॉपर. सगळं खापर संपावर फोडणं मला पटत नाही. दादा लोक आधीही होते. रामा नाईक, बाबू रेशीम ही नावं आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ झालेली. पण पूर्वी गल्लीत एखादा दादा असायचा. नंतर नाक्यानाक्यावर टोळकीच दिसायला लागली.

आम्हा मुलींना मारामारी दिसायची कमी, ऐकू यायची जास्त. आधी पानवाल्याचा रेडिओ बंद व्हायचा. मग एकामागून एक शटरं धडाधड खाली. मग सगळ्या मजल्यांवरून आयांचा एकच गलका, ‘‘आत ये! कार्टे, आत ये म्हणते ना!’’ मग सोडावॉटरच्या बाटल्या. हलवून फेकलेली बाटली बॉम्बसारखी फुटते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया खराट्याने काचा गोळा करायच्या आणि आम्ही त्यांच्या आधी खाली उतरून बाटल्यांतल्या गोट्या वेचायचो. हिरवट, जाड काचेच्या, अगदी गोल. वाण्याकडच्या विकतच्या गोट्यांपेक्षा त्यांना भाव जास्त, एकीला दोन. १९८७च्या मार्चमध्ये सातरस्त्याच्या पोलीस कोठडीत घुसून बाबू रेशीमला मारलं, तेव्हा मात्र दोन दिवस आम्हाला नळावरही एकटं जाऊ दिलं नाही. वार्षिक परीक्षेचा अभ्यास आम्ही खिडक्या लावून केला.

तरी पूजा होतच राहिली, आणि ती होण्यामागे आमचे अण्णा. मंडळाचे खजिनदार, लाल बावट्यातले, म्हणजे कम्युनिस्टांचे, जुने कार्यकर्ते. देवावर विश्वास शून्य, पावती पुस्तकावर अफाट. पूजेला ते बसायचे नाहीत, पण पूजेचा पै-पैचा हिशेब दुसऱ्या दिवशी फळ्यावर लावायचे, त्यात सुपारीसुद्धा वेगळी. एका वर्षी एक भाई, म्हणजे आमच्याच मागच्या चाळीत वाढलेला, दोन पोरं घेऊन आला आणि पाचशे एक रुपये टेबलावर ठेवून म्हणाला, ‘‘गुप्तदान लिवा.’’ पाचशे एक म्हणजे अख्ख्या शिऱ्याचा खर्च. कमिटीतले बाकीचे खाली बघायला लागले. अण्णांनी पेनाचं टोपण काढलं. ‘‘गुप्त देवळाच्या पेटीत टाक. इथं पावती नावानिशी फाडतो. बापाचं नाव, खोली नंबर, सगळं.’’ भाई हसला, पण त्याच्या पोरांना हसू आलं नाही. शेवटी पावती नावानिशीच फाटली. फळ्यावरच्या यादीत, दूधवाल्याचे अकरा आणि शिंपीमामांचे एकवीस यांच्या मधोमध, भाईचे पाचशे एक. चार दिवसांनी त्याचा माणूस यादी खाली उतरवायला सांगून गेला. अण्णांनी नियमाप्रमाणे ती महिनाभर ठेवली. हे धाडस होतं की हट्ट, यावर बाबांचं आणि आईचं अजून एकमत नाही. आईचं म्हणणं, बायकोपोरं गावी होती म्हणून अण्णांना एवढं सुचलं.

कार्यक्रमांत सगळ्यात गर्दी वेशभूषा स्पर्धेला. चाळीतली कल्पनाशक्ती ठरलेली: दोन शिवाजी, तीन झाशीच्या राण्या, एक भाजीवाली, एक हवालदार. एका वर्षी तळमजल्यावरचा सहा वर्षांचा पोरगा स्टेजवर आला तो शर्टाची वरची बटणं उघडी, गळ्यात आईची खोटी साखळी, मागच्या खिशात कंगवा आणि कमरेला दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल. माईकपुढे उभा राहून म्हणाला, ‘‘ए, आपुन कोन हाय म्हायती हाय ना?’’ आणि टिकली फोडली. पहिल्या रांगेतल्या बाया दचकून अर्ध्या उठल्या. चौकात एकदम शांतता. पोराच्या आईने डोळ्यांना पदर लावला. मग मागे भिंतीला टेकून उभी असलेली नाक्यावरची पोरंच आधी खो-खो हसली आणि त्यांच्या मागून सगळी चाळ. परीक्षक होत्या आमच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या बाई. त्यांनी त्याला उत्तेजनार्थ दिलं: स्टीलची वाटी. पहिला नंबर नेहमीप्रमाणे शिवाजीचा.

शेजारच्या काकींचा मधला मुलगा लाइटीचं सगळं बघायचा. माळा सोडणं, माईकची वायर, मध्येच फ्यूज उडाला की वर चढणं. असा हात मी पुन्हा बघितला नाही. पुढे तो तडीपार झाला, मग फरारी. पूजेच्या रात्री तो येणार हे सगळ्यांना ठाऊक, पोलिसांनाही. साध्या कपड्यातले दोघे संध्याकाळपासून खुर्च्यांवर बसून लिंबू-चमचा बघत होते, आणि आमच्या मुलींनी त्यांनाही तीर्थ-प्रसाद नेऊन दिला. तो आला मागच्या संडासाच्या बाजूने, सिनेमा सुरू झाल्यावर. आला आणि पहिल्यांदा काय केलं, तर एक माळ बंद होती ती हलवून चालू केली. मग देवापुढे वाकला. साध्या कपड्यातला वयस्क जमादार शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘प्रसाद खाऊन घे. आईला भेट. मग जाऊ.’’ काकी वरच्या मजल्यावरून बघत होत्या. भेटायला त्या खाली उतरल्या नाहीत, रागाने म्हणा किंवा पायच उचलले नसतील.

१९९३ची पूजा स्पीकरविना झाली. डिसेंबर आणि जानेवारीच्या हिंदू-मुसलमान दंगलीत सरकारी हिशेबानेच नऊशे माणसं गेली होती. मंडपाचं आणि माईकचं सामान आमच्याकडे वर्षानुवर्षं मदनपुऱ्यातल्या एका चाचांकडून यायचं. त्या वर्षी ते येणं शक्य नव्हतं. ‘दुसरा माईकवाला बघू’ असं कमिटीत कुणीतरी म्हणालं, तेव्हा अण्णांनी ‘यंदा घशानेच बोला’ म्हणून विषय संपवला. पूजा खोलीतच उरकली, पोरांचे कार्यक्रम नाहीत, सिनेमा नाही. पुढच्या वर्षी चाचा हातगाडी घेऊन आले. भाडं जुनंच घेतलं. जास्तीचे दोन बांबूही टाकून गेले.

आता गिरणगावावर जे काही पडद्यावर येतं त्यात पिस्तुलं अमाप आणि शिरा कमी असतो, ही माझी तक्रार. आमच्यातली काही पोरं मेली, काही आत गेली, हे खरंच आहे. नाक्यावरच्या घोळक्यातले, मला घुंगरू बांधून देणारे ते दोघे-तिघे पस्तिशीही बघू शकले नाहीत. पण त्याच चाळीत मी चौथीपासून बारावीपर्यंत दर वर्षी हजारेक माणसांसमोर नाचले, आणि रात्री एक वाजता घुंगरू हातात घेऊन एकटी जिना चढले. कधी कुणी वाकडा शब्द बोललं नाही.

चाळ पडली, टॉवर झाला. आम्ही बहुतेक जण विरार, डोंबिवली, बदलापूरला पांगलो. पूजा अजून होते, पाचव्या मजल्यावरच्या पोडियमवर, स्पीकर दहाच्या आत बंद. अण्णा गेले, पण जमाखर्च अजून लागतो, लिफ्टशेजारच्या काचेच्या फळ्यात, सुपारीसकट. जुने भाडेकरू आणि नवे फ्लॅटवाले यांचं वर्गणीवरून दर वर्षी वाजतं, ते एक बरंच आहे म्हणायचं. यंदा कुणी यायचं ठरवलंत तर सहाच्या आत या. नंतर लिफ्टला रांग लागते, आणि शिरा गरम खाण्यातच मजा.