झाड हिरवे तर आहे, मग त्रास कशावरून?

मी चेंबूरला राहते आणि वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला सोसायटीच्या सभेत आणि लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. ‘झाडांना प्रदूषणाची सवय झाली आहे’ हे उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून एकदा नीट लिहिते.

प्रदूषित हवेतला ओझोन वायू पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, आत शिरला की पेशींत ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात आणि ती निवळवण्यासाठी झाडाला ग्लुटाथायोन हे पेशीतच बनणारे संरक्षक द्रव्य लागते. मुळांतून कॅडमियम हा विषारी धातू आला, तर त्याला जखडून ठेवणारे रेणूही झाड याच ग्लुटाथायोनपासून घडवते. म्हणजे दुखणी दोन आणि औषधाची बाटली एकच. धातूंमुळे पर्णरंध्रे मिटू लागली तर ओझोन कमी शिरतो, म्हणून दोन्हींची सरळ बेरीज करता येत नाही, हे मला मान्य आहे. पण तेव्हा कार्बन डायऑक्साइडही कमी मिळतो आणि हिरव्या पानांआड वाढ खुंटते.

आमच्या फाटकाजवळ आंबा होता. सोसायटीने विचारले तेव्हा मी त्याची पाने तोडून आणली. ओल्या कापसाने एक पान पुसले, तर कापूस काळा झाला आणि खालचे पान तुकतुकीत निघाले. हरितद्रव्य, क जीवनसत्त्व, पानातील पाणी आणि रसाची आम्लता मोजून मी ‘हवेच्या प्रदूषणाला सहनशील’ असे लिहून दिले. त्या कागदाच्या भरवशावर बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर शेंडा वाळला. झाड काढले तेव्हा बारीक मुळे जवळजवळ उरलीच नव्हती. नंतर तपासलेल्या मातीत शिसे आणि जस्त दोन्ही सापडले. शिसेयुक्त पेट्रोल देशभरात 2000 साली बंद झाले, पण मातीत पडलेले शिसे विरून जात नाही, आणि टायर झिजून जस्ताची भर पडतच राहते.

पद्धत मान्यताप्राप्त होती, मोजमाप चोख होते, असे मी अनेकदा स्वतःला सांगितले आहे. तरीही माती न पाहता सहीची घाई मीच केली होती. झाड धातूंनी गेले, हवेने की गुदमरलेल्या मुळांनी, हे आजही मला वेगळे काढता येत नाही, आणि ‘सगळे त्या ब्लॉकमुळेच’ म्हणणाऱ्या शेजारणीशी माझा वाद मिटलेला नाही.

गेल्या आठवड्यात मागच्या पिंपळाबद्दल विचारणा झाली. मी एवढेच लिहून दिले: ‘पाने पाहिली, आळ्यातली माती तपासेपर्यंत मत देत नाही.’