गाठ साधी नाही

मंगळवार, रात्री साडेअकरा

सकाळी बाबांचा बायोप्सीचा रिपोर्ट मिळाला. डॉक्टर इंग्रजीत सांगत होते, मीही इंग्रजीतच विचारत होते. मॅलिग्नंट. सर्जरी, मग केमो. वहीत सगळं उतरवून घेतलं, तारखा विचारल्या, विम्याचं विचारलं. हात एकदाही थरथरला नाही.

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती, बाबा आत झोपले होते. मान वर न करता तिनं विचारलं, "काय म्हणाले गं?"

"आई, गाठ साधी नाही."

एवढे तीन शब्द बोलले आणि आवाज चिरकला. पोटात खड्डा पडला, गुडघ्यांतलं बळ गेलं. सकाळी शब्द न् शब्द कळला होता, तरी खरं कळलं ते आत्ता, तिच्यापुढे बोलताना.

पूर्वी वाचलेला एक प्रयोग तेव्हापासून डोक्यात आहे. २००३ साली कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये तुर्की मातृभाषेच्या, नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द दाखवले, ऐकवले. बोटांच्या त्वचेवरून शरीराची प्रतिक्रिया मोजली. लहानपणी घरात ऐकलेल्या रागावण्याच्या वाक्यांनी तुर्कीत त्वचा जास्त चेतायची, इंग्रजीत कमी. मला ते पटतंच. 'गाठ' हा शब्द मी आजीच्या आजारपणात, दाराआड उभी राहून, मोठ्यांच्या दबक्या आवाजात शिकले. 'मॅलिग्नंट' पुस्तकात शिकले.

उलटंही होतं, शरीरामुळे शब्द कळण्यात फरक पडतो. हवास आणि ग्लेनबर्ग यांच्या गटानं २०१० मध्ये कपाळावरच्या आठ्यांसाठी बोटॉक्स घेणाऱ्या स्त्रियांना वाक्यं वाचायला दिली, इंजेक्शनच्या आधी आणि नंतर. आठी पाडणारा स्नायू निकामी झाल्यावर रागाची आणि दुःखाची वाक्यं वाचायला त्यांना जास्त वेळ लागला. आनंदाच्या वाक्यांना नाही. म्हणजे वाचतानाही कपाळ आपल्याबरोबर थोडं वाचत असतं. अशा प्रयोगांवर फार भार टाकू नये, हेही मला माहीत आहे. दातांत पेन धरून हसरा चेहरा केला की व्यंगचित्रं जास्त गमतीची वाटतात, हा १९८८ चा गाजलेला निष्कर्ष २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी मिळून तपासला, तेव्हा हाती लागला नव्हता. पण आज दुपारी दादाचा "बघू या" एवढाच मेसेज आला आणि मी भडकले. किती थंडपणा, असं वाटलं. जबडा आवळलेला होता, खांदे कानांपर्यंत चढले होते. संध्याकाळी चहा झाल्यावर तोच मेसेज पुन्हा वाचला. घाबरलेल्या माणसाचे शब्द होते ते. मग फोन केला. तोही रडत होता.

आपल्या भाषेला हे जुनंच ठाऊक आहे. काळजात धस्स होतं, हातपाय गळतात, जीव टांगणीला लागतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव आहेत: घाम, कंप, रोमांच, अश्रू... त्यांत स्वरभंगही आहे. दुपारी माझा झाला तो.

आईनं पुढे काही विचारलं नाही. माझा हात धरून बसली. तांदळाचं ताट ओट्यावर तसंच आहे, अर्धं निवडलेलं.

उद्या बाबांना सांगायचं आहे. मघापासून मनात वाक्य जुळवते आहे. 'बाबा, रिपोर्ट आलाय' इथवर नीट जमतं, 'गाठ'पाशी घसा आवळतो.