आमच्या चटणीच्या साइटवरच्या कुकीजची झाडाझडती

आम्ही दोघी जावा मिळून कांदा-लसूण चटणी करून विकतो. माल कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरातून जातो आणि निम्म्याहून जास्त ऑर्डरी साइटवरून येतात. पुणे, मुंबई, बंगळूर आहेच, शिवाय परदेशात राहणारी मुलं इकडच्या आई-वडिलांसाठी मागवतात. अशाच एका जर्मनीतल्या गिऱ्हाईकबाईंची मेल आली. मूळच्या कागलच्या. मालाबद्दल काही तक्रार नव्हती. त्यांनी लिहिलं होतं, ‘ताई, तुमची साइट उघडली आणि मी काही दाबायच्या आधीच जाहिरातवाल्यांच्या कुकीज येऊन बसल्या. चटणी घ्यायला आलेल्या माणसाची खबर तिसऱ्याला कशाला?’

प्रश्न रास्त होता. आमच्या साइटवर खाली एक इंग्रजी पट्टी यायची, तिच्यावर ‘ॲक्सेप्ट’ एवढं एकच बटण. साइट करून देणाऱ्याने ती लावून दिली होती आणि कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. या मेलनंतर मी माझ्या भाच्याला बोलावलं. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याला म्हटलं, आपल्या साइटवर कोण कोण येऊन बसलंय ते मला डोळ्यांनी बघायचंय.

बघायच्या आधी त्याने मला कुकी म्हणजे काय ते नीट सांगितलं. तो काही प्रोग्रॅम नाही की व्हायरस नाही. साइटने तुमच्या ब्राउझरकडे सांभाळायला दिलेली मजकुराची एक ओळ असते: नाव, त्यापुढे काही अक्षरं-आकडे, कोणत्या पत्त्याला परत दाखवायची आणि कधीपर्यंत ठेवायची. कमाल आकार साधारण ४ केबी. पुढच्या वेळी ब्राउझर तीच ओळ साइटला परत दाखवतो. याची गरज पडते कारण वेबचा कारभार मुळात विसराळू आहे. प्रत्येक पान मागताना तुम्ही साइटला नव्यानेच भेटता. आमच्या मिरच्या ज्या डंकावर कुटायला जातात तिथे प्रत्येकाच्या डब्याला नंबराची चिठ्ठी लावतात. माल कुणाचा, किती किलो, मसाला भाजून दिलाय का, हे सगळं डंकवाल्याच्या वहीत. कुकीही बहुतेक वेळा अशी नुसती नंबराची चिठ्ठी असते, वही दूर कुठेतरी सर्व्हरवर असते. त्यामुळे कुकी उघडून वाचली तर आकड्यांची गिचमीड दिसते आणि माणूस म्हणतो, यात काय आहे एवढं? विचारायचं ते हे, की वही कुणाकडे आहे.

ही सोय निघाली ती दुकानदारीच्याच गरजेतून. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी ती काढली, ऑनलाइन दुकानातली टोपली लक्षात राहावी म्हणून. हे ऐकून मला बरं वाटलं. मला मनात कुकीबद्दल राग धरायचा नव्हता, कोणती कशाला आहे ते कळायला हवं होतं.

मग भाच्याने क्रोममध्ये नवं प्रोफाइल काढलं. मी म्हटलं, खासगी विंडो उघड की. तो म्हणाला, ‘नको मावशी, तिथे क्रोम बाहेरच्यांच्या कुकीज आपणहून अडवतं. गिऱ्हाइकाला रोज जे होतं ते तिथे दिसणार नाही.’ साइट उघडली. पट्टीला हात लावला नाही. लॅपटॉपवर एफ१२ दाबून ‘ॲप्लिकेशन’ आणि त्यात डावीकडे ‘कुकीज’ निवडलं की एक तक्ता येतो: नाव, आतला मजकूर, डोमेन म्हणजे कुकी कोणत्या साइटच्या पत्त्याची ते, आणि मुदत. तो तक्ता भरलेला होता. साइटवर येणाऱ्यांची मोजणी करणाऱ्या गुगल ॲनालिटिक्सच्या जीए नावाच्या कुकीज होत्या. फेसबुकच्या जाहिराती मोजणारी एफबीपी होती, मुदत ९० दिवस. पहिल्या पानावर आम्ही डंकावर चटणी कुटतानाचा व्हिडिओ लावला होता, त्याच्यामागून यूट्यूबच्या डोमेनच्या आल्या होत्या. मुदतीचा रकाना तर मी बराच वेळ बघत बसले. जीए मुळात दोन वर्षांची असते, पण तक्त्यात तारीख तेरा महिन्यांनंतरची. क्रोमने २०२२ पासून कुठल्याही कुकीला ४०० दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे, म्हणून. अर्धा किलो चटणीसाठी दोन मिनिटं आलेल्या माणसाला वर्षभर ओळखत राहायचं, हे आमच्या साइटवरून चाललं होतं.

मग अर्धा किलोचं पाकीट टोपलीत टाकलं. तेव्हा कुठे वूकॉमर्सच्या, म्हणजे साइटवरचं दुकान चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, टोपलीच्या कुकीज आल्या. धंद्याला खरोखर लागणाऱ्या तेवढ्याच, आणि त्याच सगळ्यात शेवटी.

इथे एक गोष्ट भाच्याने दोनदा समजावली, कारण ती सहज ध्यानात येत नाही. कुकीज दोन तऱ्हेच्या असतात, तुम्ही ज्या साइटवर आहात तिच्या स्वतःच्या आणि तिसऱ्याच कुणाच्या, म्हणजे ‘थर्ड-पार्टी’. यूट्यूबची तिसऱ्याची, हे डोमेनच्या रकान्यात दिसतं. पण जीए आणि एफबीपी यांच्यापुढे डोमेन आमचंच होतं! कुकी आमच्या नावाने बसते आणि माहिती मात्र त्या कंपनीच्या सर्व्हरला जाते. म्हणजे गिऱ्हाइकाने ब्राउझरमध्ये ‘थर्ड-पार्टी कुकीज बंद’ केल्या तरी या दोन्ही चालूच. ब्राउझरचं बटण त्याला तिथपर्यंत पोचवत नाही, पुढची जबाबदारी साइटवाल्याची, म्हणजे आमची. मला या सगळ्या खटाटोपात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

फेसबुकची कुकी काढायला वेळ लागला नाही, कारण आम्ही तिथल्या जाहिराती कधीच थांबवल्या होत्या. व्हिडिओच्या जागी आता एक फोटो आहे. त्याच्यावर बोट ठेवलं तरच यूट्यूबचा व्हिडिओ येतो, आणि तसं खाली लिहिलेलं आहे. ॲनालिटिक्सवरून मात्र घरात बरीच चर्चा झाली. जाऊबाईंचं म्हणणं, लोक कुठून येतात, कुठल्या पानावरून परत जातात हे कळलं नाही तर धंदा कसा करायचा? त्यांचं चूक नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात पोस्टखर्चाच्या पानावरून लोक माघारी जातात हे त्या आकड्यांवरूनच कळलं होतं आणि आम्ही दर बदलले होते. शेवटी ठरलं की ते ठेवायचं, पण विचारून.

विचारायचं म्हणजे कसं, यावर मी अडून बसले. बाजारात तयार पट्ट्या मिळतात. त्यातल्या कित्येकांत ‘सगळं मान्य’ हे ठळक, रंगीत बटण आणि ‘नको’ कुठेतरी दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, फिक्या अक्षरांत. हे मला गिऱ्हाइकाला फसवणंच वाटतं. युरोपात यावरून मोठमोठे निर्णय झालेत. २०१९ च्या ऑक्टोबरात तिथल्या न्यायालयाने सांगितलं की आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. २०२२ च्या जानेवारीत फ्रान्सच्या नियामकाने गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला, तो याच कारणासाठी: मान्य करायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात कुकी हा शब्द नाही, पण संमती मोकळेपणाने आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी, ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं, आणि सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचता यायला हवी, हे आहे. म्हणजे मराठीतही. नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. मी तोवर थांबायला तयार नव्हते.

आमची पट्टी आता अशी आहे:

‘तुमची टोपली आणि ऑर्डर लक्षात ठेवायला लागणाऱ्या कुकीज आम्ही ठेवतो. त्याशिवाय, लोक कोणती पानं बघतात ते मोजायला गुगलच्या कुकीज ठेवू का? नाही म्हटलंत तरी ऑर्डर नेहमीसारखीच होईल.’

खाली दोन बटणं, ‘चालेल’ आणि ‘नको’. एका ओळीत, एका मापाची, एका रंगाची. भाच्याने ‘चालेल’ला हिरवा रंग देऊन बघितला होता, तो मी काढायला लावला. शेवटचं वाक्य जाऊबाईंनी सुचवलं आणि ते आलं म्हणून पट्टी पुरी झाली, कारण लोकांना भीती असते ती ऑर्डर अडकायची.

पट्टी लावली म्हणजे काम झालं असं नव्हे. मोजणारा कोड ‘चालेल’ दाबेपर्यंत थांबला पाहिजे, नाहीतर विचारण्याला अर्थच नाही. ते जुळवून आम्ही परत नवं प्रोफाइल काढलं, ‘नको’ दाबलं, पान ताजं केलं, एफ१२. जीए तिथेच! भाचा कोड वरखाली करत बसला. निघालं असं, की तोच मोजणीचा कोड साइटच्या थीममध्ये, म्हणजे तिच्या दिसण्याच्या साच्यात, वरच्या भागात, आणखी एकदा चिकटवलेला होता. प्लगइनमधला, म्हणजे साइटला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममधला, थांबायचा आणि हा दुसरा बिनधास्त धावायचा. तो काढल्यावर तक्ता स्वच्छ झाला. त्यात एकच नवी ओळ होती, ‘नको’ म्हटल्याची नोंद. हो, तुमचा नकारही कुकीतच लिहून ठेवावा लागतो, नाहीतर प्रत्येक पानावर पट्टी परत विचारत राहील. म्हणूनच कुणी सगळ्या कुकीज पुसल्या की आधी नाकारलेलं असूनही साइट पुन्हा विचारते.

तळाला ‘कुकीजबद्दल मत बदला’ असा दुवा दिला. तिथे ‘नको’ केलं की आधीच्या जीए कुकीज पुसल्याही जातात. हे मुद्दाम करून घ्यावं लागलं, कारण नुसती पुढची मोजणी थांबवून जुनी ओळ तशीच राहू देणं हे अर्धवट झालं असतं. गुगलकडे तोपर्यंत जे गेलं ते मात्र ब्राउझर पुसून परत येत नाही. हेही आम्ही तिथे लिहिलं.

मग गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. शाहूपुरीतल्या एक काकू दर महिन्याला मागवतात, त्या स्वतः घरी आल्या. ‘अगं, ते नको म्हटलं मी, चटणी येईल न्हवं?’ येईल म्हटलं, आणि त्यांचाच फोन हातात घेऊन त्यांना दाखवलं. अँड्रॉइडवर क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, मग थर्ड-पार्टी कुकीज. तिथे त्या अडवता येतात. गुगलने २०२० मध्ये या कुकीज क्रोममधून काढून टाकायचं जाहीर केलं होतं, पण २०२४ मध्ये तो बेत मागे घेतला, त्यामुळे साध्या विंडोत हे आपणच करावं लागतं. आयफोनच्या सफारीत २०२० पासून त्या मुळातच बंद असतात. फायरफॉक्समध्ये प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात राहतात, एकीची दुसरीला दिसत नाही. लॅपटॉपवर फायरफॉक्स वापरणाऱ्याला मी सेटिंगमधलं ‘स्ट्रिक्ट’, म्हणजे कडक संरक्षण, निवडायला सांगते, आणि एखादी साइट बिघडलीच तर तेवढ्या साइटपुरतं पत्त्याशेजारच्या ढालीवर टिचकी मारून ते बंद करता येतं.

काकूंनी विचारलं, ‘मग सगळ्याच बंद करून टाकू का?’ नको म्हटलं. सगळ्याच अडवल्या तर टोपली रिकामी होते, लॉगिन टिकत नाही. त्यापेक्षा एखाद्या साइटचा संशय आला तर तेवढ्याच पुसाव्यात: पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर दाबलं की ‘कुकीज आणि साइट डेटा’ येतं, तिथून त्या एकाच साइटच्या जातात. बाकी लॉगिन तशीच राहतात. काकूंनी तिथल्या तिथे एका वधू-वर साइटचा डेटा पुसला, भाचीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं म्हणाल्या.

आणखी एकांनी तक्रार केली की ‘नको’ म्हणूनही पट्टी परत येते. ते एकदा क्रोममधून यायचे आणि एकदा इन्स्टाग्रामवरच्या दुव्यावरून. इन्स्टाग्राम दुवा स्वतःच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं आणि त्याच्या कुकीज वेगळ्या असतात, क्रोममधला नकार तिथे पोचत नाही. त्यांना दुवा बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडायला सांगितलं. हे साइटवरून दुरुस्त होण्यासारखं नाही.

आकडे अर्थातच कमी झाले. बरेच लोक ‘नको’ म्हणतात, आणि त्यांची मोजणी होत नाही. जाऊबाई आता पोस्टखर्चाचं आणि पाकिटाच्या मापाचं सरळ ऑर्डरीच्या फोनवर विचारतात, वहीत लिहून ठेवतात. त्यातून दोनशे ग्रॅमचं पाकीट हवं असल्याचं कळलं, जे कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

आता पैसे भरायचं पान राहिलंय. तिथे गिऱ्हाईक आमच्या साइटवरून पेमेंट कंपनीच्या पानावर जातं आणि तिथल्या कुकीज त्या कंपनीच्या असतात. त्यांतल्या काही फसवणूक ओळखायला लागतात असं त्यांच्या माहितीपानावर आहे, आणि त्यावर आमची पट्टी चालत नाही. म्हणून ‘पैसे भरा’ बटणाच्या वर एक ओळ टाकली: ‘इथून पुढचं पान पेमेंट कंपनीचं आहे, तिथल्या कुकीज तिच्या.’ त्यांच्या माहितीपानाचा दुवाही शेजारी दिला. ते पान इंग्रजीत आहे. मराठीत द्या म्हणून त्यांना मेल केली आहे, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला करणार आहे.